छातीच्या डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह टीमकडे पाठवलं, म्हणजे हात टेकले का?

पत्र: "माझ्या बाबांना बरीच वर्षं सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे, वय ७१. या वर्षात तीनदा ॲडमिट झाले, आता घरी मशिनचा ऑक्सिजन चालू असतो. मागच्या वेळी छातीच्या डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर टीमला (आजाराचा त्रास कमी करणारी टीम) भेटा म्हणून चिठ्ठी दिली, कदाचित थोडं मॉर्फिन सुरू करू असंही म्हणाले. तेव्हापासून आई रडतेय, म्हणते कॅन्सर नाही काही नाही मग तिकडे कशाला, आणि बाबांना यातलं काही कळता कामा नये. भाऊ लांब असतो, तो फोनवर म्हणतो दुसरं मोठं हॉस्पिटल बघ. रात्री बाबा धापा टाकत उठतात, ऑक्सिजन वाढव म्हणतात, मी वाढवते, पण हात थरथरतो. डॉक्टरांनी हात टेकले का? मॉर्फिनने श्वासच थांबला तर? आणि विचारायची हिंमत होत नाही तरी विचारते, शेवट गुदमरूनच होतो का?"

ताई,

आधी माझ्याबद्दल एक ओळ, मी डॉक्टर नाही, नर्स आहे, पॅलिएटिव्ह टीममधे काम केलंय आणि जास्त संबंध धाप लागणाऱ्या पेशंटांशीच आला, तेव्हा डोस किती आणि कधी हे बाबांना न बघता मी सांगणार नाही, बाकी जे माहितीये ते मोकळेपणाने लिहिते.

नाही, हात टेकलेले नाहीत. टेकले असते तर चिठ्ठीच मिळाली नसती, "वय झालंय, घरी न्या, सेवा करा" एवढंच ऐकून तुम्ही बाहेर पडला असता. इथे उलट बाबांसाठी अजून माणसं गोळा केली जातायत. श्वासाचे पंप चालू राहणार, नेब्युलायझर चालू राहणार, लशी घ्यायच्याच, छातीत इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक मिळणार, ॲडमिट करायची वेळ आली तर तेही होणार आणि छातीचे डॉक्टरसुद्धा तेच राहणार. पॅलिएटिव्ह टीम यातलं काहीच काढून घेत नाही, ती जोडीला येते आणि ओपीडीच्या गर्दीत जे राहून जातं ते बघते, म्हणजे दम, खोकला, झोप, घाबरणं, उतरलेलं वजन, बाथरूमपर्यंत जायचं कसं, आणि तुम्ही नि आई किती दमलायत ते पण. (कित्येकदा तर पहिल्याच भेटीत असं निघतं की पंप ओढायची पद्धतच चुकतेय आणि निम्मं औषध घशात बसतंय, म्हणजे बघा.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत सरळ लिहिलंय की ही काळजी आजारात लवकर, आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांसोबत द्यायची. शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची ही गोष्टच नाहीये.

आई जे म्हणतायत ते मी घरोघरी ऐकलंय आणि त्याला कारणही आहे. १९६७ मधे सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरा न होणाऱ्या आजारात काळजी घेणारी जागा) सुरू केलं, तिथून हे काम जगभर गेलं, आणि तिथे मुख्यतः कॅन्सरचे पेशंट असायचे, त्यामुळे लोकांच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. छातीचे पेशंट मागे राहिले. आता बघा, २०२१ मधे सीओपीडी हे जगात मृत्यूचं चौथ्या नंबरचं कारण होतं, साधारण ३५ लाख माणसं त्या एका वर्षात गेली, आणि पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्या मोठ्या माणसांमधे साधारण दहातला एक जण फुफ्फुसाच्या जुन्या आजाराचा असतो. तरी चिठ्ठी मिळते ती फार थोड्यांना आणि फार उशिरा. तुम्हाला वेळेत मिळालीये, त्याचं मला तरी बरंच वाटलं.

उशीर होतो त्याला या आजाराची चालही कारणीभूत आहे. सरळ उतरत गेला असता तर घरच्यांनाही कळलं असतं, पण सीओपीडीत माणूस एकदम खाली जातो, ॲडमिट होतो, आठ-दहा दिवसांत घरी येतो, पुन्हा पेपर वाचायला लागतो, फक्त पहिल्याइतका वर येत नाही, आणि आपण म्हणतो बघ सावरले की. अजून किती दिवस हे भल्याभल्या डॉक्टरांना सांगता येत नाही. म्हणून "वेळ आली की बघू" म्हणणाऱ्यांची ती वेळ रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या दारात येते, समोर बाबांना आयुष्यात पहिल्यांदा बघणारा ड्यूटी डॉक्टर, आणि तो विचारतो व्हेंटिलेटर लावायचा का, पटकन सांगा.

आता ऑक्सिजन, आणि हे नीट वाचा कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. मशिनचा नॉब मनाने फिरवू नका. सीओपीडीच्या काही पेशंटांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो आणि ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त गेला की तो आणखी चढतो, माणूस सुस्त होतो, बडबडायला लागतो, सकाळी डोकं धरून उठतो, आणि फारच चढला तर बेशुद्ध पडतो. म्हणून अशा पेशंटांना सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवर दिसणारा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, ८८ ते ९२ च्या मधे ठेवा असं सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समधे याचा अभ्यास झाला होता, २०१० मधे छापून आला, सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा असा मोजून दिलेल्यांमधे मृत्यू बरेच कमी झाले. तेव्हा ९८ दिसलं की आपल्याला हायसं वाटतं पण बाबांसाठी ते चांगलंच असेल असं नाही. त्यांचा आकडा कुठे हवा आणि नॉब कितीवर हे डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहून मशिनला चिकटवा, आणि आत्तापर्यंत रात्री किती वाढवत होतात ते पण सांगून टाका, कुणी रागावणार नाही. सकाळचं डोकं दुखणं, दिवसा पेंगणं, असंबद्ध बोलणं यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा, आणि उठवूनही नीट जागे होत नसतील तर सरळ ॲम्ब्युलन्स. आणि हो, मशिन चालू असताना त्या खोलीत विडी-सिगारेट, काडी, दिवा काहीही नको.

दुसरं असं की दम लागणं आणि ऑक्सिजन कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरच्यांना पटवताना माझी दमछाक होते. ९१ दिसत असतानाही माणूस जीव जातोय असं म्हणतो आणि ते खरंच असतं, नाटक नसतं. २०१० मधेच आणखी एक अभ्यास आला होता, धाप खूप पण ऑक्सिजन फारसा कमी नाही अशा पेशंटांना नाकातल्या नळीतून निम्म्यांना ऑक्सिजन दिला आणि निम्म्यांना साधी हवा, कुणाला काय मिळतंय ते न सांगता, तर दोन्हीकडच्यांना थोडं बरं वाटलं, आणि फरक काहीच नाही! म्हणजे बाबांना ठरवून दिलेला ऑक्सिजन ठरलेले तास घ्यायचाच, ज्यांचा खरोखर कमी असतो त्यांना रोज किमान १५ तास घेतल्याने आयुष्य वाढतं हे १९८०-८१ पासून माहिती आहे, पण रात्रीच्या धापेवर वरून जास्तीचा ऑक्सिजन हा इलाज नाही. ऑक्सिमीटर पण दर दहा मिनिटांनी लावू नका, आकडा बघून तुम्ही घाबरता, तुमचं तोंड बघून ते घाबरतात आणि दम वाढतो.

मग रात्री करायचं काय. पहिलं म्हणजे सगळ्यांनी भोवती गर्दी करून "खोल श्वास घ्या, खोल श्वास घ्या" म्हणायचं नाही, प्रेमापोटीच म्हणतो आपण पण या आजारात हवा आत जात नाही असं नसून आतली बाहेर निघत नाही, छाती आधीच फुगलेली असते, त्यात आणखी खोल घ्या म्हणजे भरलेल्या पोत्यात अजून धान्य कोंबायचं. श्वास सोडण्यावर लक्ष द्यायचं. बाबांना बिछान्याच्या कडेला बसवा, समोर टेबल किंवा खुर्चीवर दोन उशा, त्यावर हात टेकून पुढे वाकू दे, खांदे सैल. नाकाने जमेल तेवढा श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, जोर लावून फुंकायचं नाही. तुम्ही समोर बसून तसाच श्वास सोडत राहा, बोलू नका, त्यांना प्रश्न तर अजिबात विचारू नका कारण उत्तर द्यायला पण हवा लागते. आणि एक छोटा हातातला पंखा घ्या, बॅटरीवाला, तो चेहऱ्यापासून वीतभर लांब धरून नाक, ओठ, गालावर वारा येऊ दे. हसू नका, चेहऱ्याच्या त्या भागातल्या नसांना गार वारा लागला की मेंदूला जाणवणारी धाप कमी होते, यावर अभ्यास झालेत आणि मी स्वतः कितीदा बघितलंय. पंखा बाबांच्या उशाशीच ठेवा, त्यांच्या स्वतःच्या हातात असला की भीती जास्त कमी होते. डॉक्टरांनी लगेच आराम देणारा पंप दिला असेल तर तो सांगितला तेवढाच. रोजच्यापेक्षा वेगळंच काही वाटलं, म्हणजे ताप, कफाचा रंग बदलला, ओठ निळे पडले, छातीत दुखलं, वाक्यही पुरं होत नाही, तर मात्र पंखा वगैरे करत बसू नका, हॉस्पिटल.

दिवसाचंही थोडं. दम लागतो म्हणून हलायचं नाही, हललं नाही म्हणून पायातली ताकद जाते, ताकद गेली म्हणून दोन पावलांत दम, हे चक्र तोडायला फिजिओथेरपिस्ट लागतो, टीममधे असतो, नसला तर मागा. अंघोळ स्टुलावर बसून, थोडं थोडं खाणं, उठताना किंवा वाकताना श्वास सोडत उठायचं. बारीक गोष्टी वाटतात पण बाबांचा दिवस याच्यातच जातो.

मॉर्फिन. इथे मी खरं ते सांगते, दोन्ही बाजू. २००३ मधे ऑस्ट्रेलियात ४८ पेशंटांवर एक छोटा अभ्यास झाला, रोज २० मिलिग्रॅम हळू सुटणारं मॉर्फिन, धाप कमी झाली, झोपही सुधारली, तिथून याचा वापर वाढला. मग २०२२ मधे तिथेच मोठा अभ्यास आला, फक्त सीओपीडीवाल्यांचा, त्यात आठवड्याभराने दिवसातली सगळ्यात वाईट धाप काही कमी झालेली दिसली नाही. म्हणजे हे सगळ्यांना लागू पडणारं औषध नाही, काहींना चांगला फरक पडतो, काहींना शून्य, म्हणून बाकी उपाय करून बघितल्यावर अगदी कमी डोसने सुरू करतात आणि उपयोग नसेल तर बंद करतात. तसं झालं तर बाबा हरले असं समजू नका. श्वास थांबायचं म्हणाल तर स्वीडनमधे घरी ऑक्सिजनवर असलेल्या दोन हजारांवर सीओपीडी पेशंटांची नोंद तपासली होती, २०१४ चं आहे ते, कमी डोसच्या मॉर्फिनसारख्या औषधांनी मृत्यू किंवा ॲडमिशन वाढलेली दिसली नाही, पण जास्त डोस घेणाऱ्यांत आणि शांत झोपेच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. म्हणून डोस मनाने वाढवायचा नाही, दुसऱ्याचं औषध द्यायचं नाही, आणि घरात कुणाच्या झोपेच्या गोळ्या असतील तर "आज झोप लागत नाहीये, अर्धी दे" हे चालणार नाही. किडनीचा त्रास असेल, दारू घेत असतील तर आधीच सांगा. सुरुवातीला मळमळ किंवा गुंगी येऊ शकते, ती बरेचदा काही दिवसांत ओसरते, पोट साफ न होणं मात्र ओसरत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, हे विसरतात आणि मग मॉर्फिनलाच शिव्या देतात. हाका मारूनही जागे होत नाहीत, श्वास फार संथ झालाय असं दिसलं तर पुढचा डोस द्यायचा नाही आणि ताबडतोब मदत बोलवायची. व्यसनाची भीती अनेकांना असते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली एवढ्या कमी डोसवर मी ती मनावर घेत नाही.

बाबांना सांगायचं का? ताई, ज्या माणसाला रोज रात्री श्वास मिळत नाही त्याला काही माहीत नाही असं आईंना खरंच वाटतं का. त्यांना सगळं माहितीये, ते तुमच्यासमोर बोलत नाहीत एवढंच, तुम्ही त्यांच्यासमोर बोलत नाही आणि आई भिंतीकडे तोंड करून रडतात. मी काही जाऊन आकडे सांगा म्हणत नाही. फक्त विचारा, "बाबा, या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? की ते सगळं मी बघू?" काही माणसं म्हणतात तूच बघ, तोही त्यांचा हक्क आहे. पण विचारायच्या आधीच आपण ठरवून टाकायचं हे मला पटत नाही. अजून एक, सिगारेटचा विषय घरात निघत असेल, "तेव्हाच सोडली असती तर", तर तो बंद करा, अजून ओढत असतील तर सोडायला मदत मागा, पण जुना हिशोब काढून कुणाचा दम कमी झालेला मी बघितला नाही.

या बोलण्यातूनच पुढचे निर्णय सोपे होतात. बरेच जण वैतागून म्हणतात मला मशिनला जोडू नका, आणि घरचे समजतात सगळंच नको. तसं नसतं. बायपॅप म्हणजे तोंडावर मास्क, नळी घशात घालत नाहीत, कार्बन डायऑक्साइड चढलेल्या अटॅकमधे त्याने जीव वाचतो आणि व्हेंटिलेटरची वेळ टळते, बाबांना आधीच्या ॲडमिशनमधे लावलाही असेल. घशात नळी घालून व्हेंटिलेटर ही वेगळी पायरी, त्यातून काही जण बाहेर येतात, काहींची नळी निघता निघत नाही, काही आधीपेक्षा बरेच खचून घरी येतात. आणि ठरलेले दिवस प्रयत्न करून बघू, फरक नाही पडला तर थांबू, असाही मधला मार्ग असतो. हे तिन्ही वेगवेगळे विचारायचे, बाबांच्या तोंडून ऐकायचे, कागदावर उतरवायचे, आणि नंतर मत बदललं तर कागदही बदलायचा.

तुमचा शेवटचा प्रश्न. विचारलात ते चांगलं केलंत, बाबांच्या मनातही बहुतेक तोच असणार. बहुतेकांचा शेवट तसा नसतो जसा आपण रात्री डोळे मिटून बघतो. शेवटच्या दिवसांत माणूस जास्त जास्त झोपून राहतो, कार्बन डायऑक्साइड चढत गेला की ग्लानी येते, श्वास अनियमित होतो, घशात घरघर होते, ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते पण त्या माणसाला बहुधा जाणवत नाही. ज्यांना त्या वेळी धाप आणि घाबरगुंडी होते त्यांच्यासाठी औषधं आहेत, तोंडाने नाही तर त्वचेखाली देता येतात, गरज पडली तर गुंगीत ठेवता येतं. पण ती घरात आधीपासून असावी लागतात आणि द्यायची कशी ते कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. कुणालाच त्रास होणार नाही अशी गॅरंटी मी देणार नाही, तयारी असलेल्या घरात आणि नसलेल्या घरात फरक किती पडतो ते मात्र मी बघितलंय.

भावाला दुसरं मत घ्यायचं असेल तर घेऊ दे, रिपोर्ट पाठवा, त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी बाबांची ही भेट रद्द करू नका. त्याला हे पण सांगा की लंडनमधे एक अभ्यास झाला, २०१४ मधे आला, छातीचे डॉक्टर, पॅलिएटिव्ह टीम आणि फिजिओ मिळून धापेवर काम करत होते, तर ज्यांना ही मदत लगेच मिळाली त्यांना धाप हाताळणं जास्त जमायला लागलं, आणि सहा महिन्यांनी जिवंत असणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. अभ्यास छोटा होता आणि यात सगळ्या तऱ्हेचे पेशंट होते, त्यामुळे आयुष्य वाढेलच असं मी म्हणत नाही, पण "तिकडे पाठवलं म्हणजे संपलं" याला उत्तर म्हणून पुरेसं आहे. भेटीच्या वेळी त्याला फोनवर घ्या म्हणजे नंतर तुम्हाला सगळं परत सांगत बसायला नको, आणि आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कुणीतरी जागायच्या, पैसे देऊन माणूस ठेवायचा असेल तर त्यातला वाटा त्याने उचलायचा, हे स्पष्ट बोला, लाजू नका.

जाताना सगळी औषधं आणि पंप एका पिशवीत घेऊन जा, नुसती यादी नको, कारण यादीत नसलेलं काहीतरी पिशवीत सापडतंच. डिस्चार्जचे कागद घ्या. आईंना सोबत न्या आणि त्यांना आधी बोलू द्या, रडल्या तर रडू द्या, तिथे त्याची सवय असते. आणि निघताना विचारा की रात्री धाप वाढली तर फोन कुणाला करायचा, नंबर लिहून घ्या आणि घरी पोचल्यावर एकदा लावून बघा कोण उचलतंय ते.